फुलांच्या वेळेप्रमाणे : कॅलिफोर्नियातला वसंत, फिल्मच्या कॅमेऱ्यातून

शुक्रवार

विंटर क्वार्टरचा शेवटचा पेपर दुपारी संपला. पुढचा आठवडा सुट्टी. रिव्हरसाइडमधले बहुतेक मित्रमैत्रिणी वेगासला नाहीतर घरी निघाले होते. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या नागपूरच्या रूममेटने, हा आठवडा जानेवारीपासूनच रानफुलांसाठी राखून ठेवला होता. यंदा हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता आणि इथे सगळं त्याच्यावरच असतं. दक्षिण कॅलिफोर्नियात पाऊस पडतो तो साधारण नोव्हेंबर ते मार्च. तो वेळेवर आणि थोड्या थोड्या दिवसांनी पडत राहिला, तरच वाळवंटात आणि गवताळ माळांवर वसंत येतो. नाहीतर मार्चमध्येही माती तपकिरीच राहते.

आपल्याकडे वसंत झाडांवर येतो. पळस, पांगारा, काटेसावर, सगळं मान वर करून बघायचं. जमिनीवरची फुलं बघायची तर श्रावण-भाद्रपदापर्यंत थांबून कासला जायचं. इथे वसंतात गुडघे टेकायला लागतात. पाडवा होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि चैत्रात जमिनीवर झुकून फुलं बघायची ही सवय मला इथे येऊन लागली.

लॉस एंजेलिसमधलं थिओडोर पेन फाउंडेशन 1983 पासून फोनवर रानफुलांची खबर देतं. मार्च ते मे या काळात दर शुक्रवारी ताजी माहिती येते : कुठल्या रस्त्याच्या कडेला काय फुललंय, कुठे आता संपत आलंय. ती ऐकून बेत पक्का केला. आधी अँझा-बोरेगोचं वाळवंट, मग अँटिलोप व्हॅलीतल्या पॉपी, शेवटी कॅरिझो प्लेन. मैलांपेक्षा जास्त हिशोब आम्ही तासांचा केला, कारण यातलं प्रत्येक फूल आपापल्या वेळेला उघडतं आणि त्या वेळी आपण तिथे असावं लागतं.

कॅमेरा पेंटॅक्स के1000. काकांनी दुबईहून आणलेला, मग बाबांनी वापरलेला, आता माझा. हे मॉडेल 1976 ते 1997 असं दोन दशकं निघत होतं. जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या हाती हाच कॅमेरा असायचा. सगळं यांत्रिक. छोटं बटन-सेल लागतं ते फक्त लाइट मीटरच्या काट्याला. ते संपलं तरी शटर चालूच राहतं. कोडॅक गोल्ड 200, थोडी पोर्ट्रा 400, एक्टार 100 आणि कृष्णधवल इल्फर्ड एचपी5 असे रोल आइसबॉक्समध्ये दशम्यांच्या डब्याशेजारी ठेवले. उन्हात तापलेल्या गाडीत रंगीत फिल्मचे रंग बिघडतात, म्हणून बर्फावर पहिला हक्क तिचा.

शनिवार : अँझा-बोरेगो

टेमेक्युलावरून, वॉर्नर स्प्रिंग्जच्या गवताळ खोऱ्यातून जाऊन रस्ता घाट उतरतो आणि एकदम वाळवंट समोर येतं. अँझा-बोरेगो हे कॅलिफोर्नियातलं सगळ्यात मोठं स्टेट पार्क. नावातला अँझा म्हणजे अठराव्या शतकात इथून वाट काढणारा हुआन बाउतिस्ता दे अँझा, आणि बोरेगो म्हणजे इथल्या डोंगरांतली रानमेंढी. घाटातच ओकोटियो दिसायला लागले. एकाच बुंध्यातून निघालेल्या लांब काटेरी काठ्या, प्रत्येकीच्या टोकाला लालभडक तुरा. पाऊस पडला की काठ्यांना खालपासून वरपर्यंत बारीक पानं फुटतात, ओल संपली की गळून जातात. वर्षातून अनेकदा हे होऊ शकतं. यंदा सगळे हिरवे होते.

हेंडरसन कॅन्यन रोडच्या दोन्ही बाजूंना पिवळं रान होतं. वाळवंटी सूर्यफूल म्हणतात याला. सोनकीच्याच कुळातलं, पण देठ लांब आणि केसाळ. खाली वाळूवर पसरलेली जांभळी सँड व्हर्बिना. वाऱ्याबरोबर तिचा मंद गोड वास येतो. तो फोटोत येत नाही याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

रस्त्याच्या कडेला काही स्वयंसेवक वाकून रोपं उपटत होते. जवळ जाऊन पाहिलं तर मोहरी. सहारन मोहरी. आपल्या फोडणीतल्या मोहरीची नातेवाईक, पण इथली नव्हे. ती देशी फुलांआधी उगवते, ओल पिऊन घेते, आणि पसरली की सूर्यफुलांना जागाच उरत नाही. एक आजोबा दर हिवाळ्यात हेच काम करायला येतात. त्यांनी मला बिया दाखवल्या आणि इथल्या देशी बियांचं वेगळेपण सांगितलं. वाळवंटी वार्षिक वनस्पतींच्या सगळ्या बिया कधीच एका वर्षात रुजत नाहीत. पाऊस कितीही चांगला झाला तरी काही बिया मातीतच थांबतात, पुढच्या सालासाठी. उगवलेल्या सगळ्या रोपांना बी धरायच्या आधीच दुष्काळाने गाठलं, तरी वंश संपत नाही. म्हणजे समोर दिसणारा एवढा बहर हा मातीतल्या साठ्याचा एक हिस्सा आहे, बाकीचा अजून खालीच आहे. हे कळल्यावर वाळूत पाय टाकतानासुद्धा मी जपायला लागले.

दुपारी फोटो काढलेच नाहीत. डोक्यावरच्या उन्हात पिवळा रंग नुसता चकाकतो, पाकळीवरची शीर दिसत नाही. सावलीत बसून दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली आणि संध्याकाळची वाट बघितली, कारण आजचं खरं काम संध्याकाळी होतं.

ड्यून इव्हिनिंग प्रिमरोझ. दिवसभर तिच्या कळ्या हिरवट, मिटलेल्या, मान खाली घातलेल्या. सूर्य डोंगराआड गेला की त्या उघडायला लागतात, आणि हे उघडणं डोळ्यांनी दिसतं. मी ट्रायपॉड अगदी खाली लावून एका कळीसमोर पालथी झोपले. आधी बाहेरची हिरवी दलं एका बाजूने फाटली आणि मागे वळली. आत चार पाकळ्या एकमेकींवर पिळून गुंडाळलेल्या. मग तो पीळ सुटत गेला. कळी मध्येच थांबायची, परत एक झटका द्यायची. शेवटी तळहाताएवढं पांढरं फूल, पातळ कागदासारखं, मध्यभागी पिवळसर, वर लोंबणारे पुंकेसर. प्रकाश झपाट्याने कमी होत होता. पोर्ट्रा 400, शटर आधी एक तिसांश सेकंद, मग एक पंधरांश, मग आठांश. मीटरचा काटा प्रत्येक फोटोगणिक खाली येत होता आणि फूल वर येत होतं. डिजिटलवर मी शंभर फोटो काढले असते. इथे रोलमध्ये जेवढे उरले होते तेवढ्यांतच ते सगळं बसवायचं होतं, म्हणून प्रत्येक वेळी थांबून ठरवत होते : आता? की अजून थोडं?

अंधार पडल्यावर फुलांवर मोठे पतंग आले, पांढऱ्या रेघांचे स्फिंक्स. हवेत एका जागी थरथरत लांब सोंड आत घालतात. याच पतंगांच्या अळ्या याच झाडाची पानं खातात. हिरव्या-पिवळ्या, शेपटाकडे काटा असलेल्या अळ्या सकाळी रस्ता ओलांडताना दिसल्या होत्या. आणि त्या अळ्या खायला दक्षिण अमेरिकेतून उत्तरेकडे निघालेले स्वेन्सन्स ससाणे नेमके मार्चमध्ये इथे उतरतात. एका झाडाभोवती एवढी वर्दळ.

रात्र कॅम्पग्राउंडवर. बोरेगो स्प्रिंग्ज गावाने रात्रीचे दिवे आवरते ठेवलेत. 2009 पासून ते ‘डार्क स्काय’ गाव म्हणून ओळखलं जातं. रूममेट म्हणाली, “अगं, इतके तारे मी फक्त मेळघाटात पाहिलेत.”

रविवार

पहाटेच परत वाळूवर. प्रिमरोझ अजून उघडी होती, पण कडेने किंचित गुलाबी व्हायला लागली होती. ऊन तापलं की ती मलूल होते. एका फुलाचं आयुष्य एवढंच. कालच्याच फुलाचा सकाळचा फोटो घेतला आणि रोल संपवला.

बाकी दिवस प्रवासात. काहोन खिंडीतून चढून, महामार्ग 138 ने जोशुआच्या झाडांमधून लँकेस्टर. खिंडीत सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे जमिनीच्या कवचातली मोठी भेग, रस्त्याखालून जातो. मंगळवारी त्याची परत गाठ पडणार होती.

सोमवार : अँटिलोप व्हॅली

सकाळी लवकर पोचलो तर टेकड्या फिक्या हिरव्या. पॉपी कुठे आहेत असं वाटावं इतक्या. जवळ गेल्यावर दिसलं की प्रत्येक फूल छत्रीसारखं घट्ट मिटलेलं आहे. कॅलिफोर्निया पॉपी रात्री मिटते, थंडीत मिटते, ढगाळलं तरी मिटते, जोराचा वारा असेल तरी मिटते. दहाच्या सुमाराला ऊन अंगाला लागायला लागलं तसा टेकडीचा रंग बदलू लागला. आधी पूर्वेकडचा उतार, मग माथा. अकरापर्यंत सगळी टेकडी केशरी. आमच्या शेजारी बसलेल्या मेक्सिकन कुटुंबातली छोटी मुलगी “मीरा, मीरा” (‘बघ, बघ’) म्हणत आईचा हात ओढत होती.

1903 पासून हे कॅलिफोर्नियाचं राज्यफूल आहे. 1816 मध्ये ‘रुरिक’ नावाचं रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आलं, त्यावरच्या कामिसो या कवी-वनस्पतिशास्त्रज्ञाला ते भेटलं, आणि त्याने जहाजावरचे डॉक्टर, आपला मित्र एश्शोल्त्स, याचं नाव त्याला दिलं. एशोल्झिया कॅलिफोर्निका. उच्चारायला अवघड नाव. फूल मात्र अगदी साधं, चार पाकळ्या. यात मध नसतो. कीटक येतात ते परागासाठी. मी एक कळी जवळून बघत होते. तिच्यावर विदूषकाच्या टोपीसारखी निमुळती हिरवी टोपी असते. आतल्या पाकळ्या फुगल्या की ती देठापासून सुटते आणि एका तुकड्यात वर ढकलली जाते. एका कळीवर ती अर्धी सरकून तिरकी राहिली होती. पाकळ्या गळाल्यावर मागे एक गुलाबी गोल कड उरते, बशीच्या कडेसारखी. नुसत्या टेकडीकडे बघणाऱ्याला हे काहीच दिसत नाही.

इथल्या माहिती केंद्राला जेन पिनहेरो यांचं नाव आहे. त्या रानफुलांची चित्रं काढायच्या आणि ही जमीन राखीव व्हावी म्हणून झटलेल्या लोकांपैकी होत्या. आतल्या भिंतीवरची त्यांची चित्रं बघून मगच बाहेर पडावं असं मी प्रत्येकाला सांगेन. पाकळीच्या कडेचा पिवळा कुठे संपतो आणि मधला गडद केशरी कुठे सुरू होतो, हे कॅमेऱ्याने बघायच्या आधी त्यांनी दाखवलेलं बरं.

फिल्मवर पॉपी अवघड. केशरी रंग इतका गडद की एक्टारवर लाल रंगाचा थर भरून जातो आणि सगळं फूल एकच सपाट डाग दिसतं. म्हणून फूल जवळून घ्यायचं तेव्हा उन्हाकडे तोंड करून घेतलं. पाकळीतून उजेड आरपार येतो आणि शिरा उमटतात. गोल्ड 200 ला मी 100 ची समजून दुप्पट प्रकाश दिला : एफ 8, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग. वाऱ्यासाठी शटर तेवढं जलद लागतंच. मग एचपी5 लावली. रंग काढून घेतला की पॉपी आणि गवत एकाच राखाडी छटेचं होतं, डोळ्याला वेगळं कळतच नाही. त्यावर उपाय जुनाच आहे. केशरी फिल्टर. तो केशरी प्रकाश येऊ देतो, निळा अडवतो. टेकडी उजळते, आकाश काळवंडतं.

पाऊलवाटेच्या बाहेर जायची इथे सक्त मनाई आहे. तरी एक जोडपं फोटोसाठी आत शिरलं आणि फुलांवर आडवं झालं. उठल्यावर मागे दोन माणसांच्या आकाराचा चपटा पट्टा राहिला. मला फार राग आला. 2019 मध्ये लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये इतकी गर्दी लोटली की गावाची वाहतूकच कोलमडली. पुढच्या मोठ्या बहराला, 2023 मध्ये, तिथे प्रवेशच बंद ठेवला गेला. कासला शनिवार-रविवारी काय होतं ते पाहिलेल्या माणसाला हे नवीन नाही. तुडवलेलं फूल बी धरत नाही, आणि तुडवून घट्ट झालेल्या मातीत पुढच्या साली रोपही धड येत नाही. फोटो वाटेवरून मिळत नसेल तर तो सोडून द्यावा.

दोननंतर वारा सुटला आणि पॉपींनी दुकान बंद केलं. आम्हीही निघालो. गोरमनच्या डोंगरउतारावर निळे ल्युपिन आणि पिवळी कोरिओप्सिस गाडीतूनच पाहिली, आणि रात्री टॅफ्टला एका स्वस्त मोटेलमध्ये उतरलो. हा सगळा तेलाचा मुलूख. जवळच मॅरिकोपाशेजारी 1910 मध्ये लेकव्ह्यू विहिरीतून तेलाचा फवारा उडाला तो अठरा महिने थांबला नव्हता.

मंगळवार : कॅरिझो प्लेन

टॅफ्टमध्येच टाकी भरून घेतली, पाण्याचे कॅनही. कॅरिझोत पेट्रोल नाही, दुकान नाही, फोनला रेंज जवळजवळ नाही. पाऊस झाला की कच्चे रस्ते चिकट चिखल होतात, म्हणून आदल्या रात्री हवामान तपासलं होतं. दक्षिणेकडून सोडा लेक रोडने आत शिरलो आणि पहिल्या चढावरच रूममेटने गाडी कडेला घेतली. बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

समोर लांबलचक सपाट खोरं, उजवीकडे टेंबलोर डोंगररांग, डावीकडे कॅलिएंटे. खोरं पिवळं. टेंबलोरचे उतार पिवळे, जांभळे, केशरी, पांढरट, प्रत्येक रंगाचा आपला पट्टा. ही रंगांची वाटणी मातीवर आणि उतारावर ठरते. चिखलमातीच्या उताराला हिलसाइड डेझी, थोड्या खोलगट भागात जांभळी फॅसेलिया, सपाटीवर गोल्डफील्ड्सची इवलीशी फुलं. एके काळी सॅन होआकिनचं सगळं खोरं असं गवताचं आणि फुलांचं होतं. तिथे शेती आणि शहरं आली. त्या गवताळ प्रदेशाचा जो मोठा तुकडा उरला तो हा. जानेवारी 2001 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

फुलांमध्ये गोल मोकळ्या जागा दिसत होत्या, आखल्यासारख्या. त्या जायंट कांगारू रॅटच्या बिळांभोवतीच्या. हा उंदरासारखा छोटा प्राणी बिया गोळा करतो, बिळाभोवतीची जमीन उकरतो, गवत कातरतो. तो अतिशय धोक्यात आलेला आहे आणि इथे त्याची उरलेली मोठी वस्ती आहे. त्याच्यावर किट फॉक्स हा छोटा कोल्हा जगतो. दिवसा दोघेही बिळात, त्यामुळे दिसले ते फक्त त्यांचे उंबरे.

वाटेच्या कडेला नारंगी-पिवळी फिडलनेक होती. तिचा तुरा टोकाला गोल वळलेला असतो, आणि फुलं त्या वळणावर ओळीने उमलत जातात. मी लगेच म्हटलं, “ही तर भुरुंडी!” दोन्ही एकाच कुळातल्या. साताऱ्याच्या आमच्या घरामागे भुरुंडी तण म्हणून उपटली जाते. इथे अर्धा डोंगर तिच्या बहिणीचा होता.

मला मात्र हवी होती ती डेझर्ट कँडल. टेंबलोरच्या पायथ्याशी एल्कहॉर्न रोडवर ती सापडली. पोकळ, फुगलेला, मेणासारखा पिवळा दांडा, हाताएवढा उंच, आणि त्याला टोकाकडे बारीक गडद जांभळ्या कळ्या चिकटलेल्या. मोहरीच्याच कुळातली, पण ही इथली. संध्याकाळी तिच्यावर तिरपा प्रकाश आला तेव्हा तो दांडा आतून पेटल्यासारखा दिसला. 50 मिलिमीटरची लेन्स दीड फुटाच्या आत फोकस होत नाही, म्हणून क्लोजअप फिल्टर चढवला. रोल बदलायचा होता तेव्हा गाडीत बसून, काचा वर करून बदलला. या धुळीचा एक कण फिल्म जिथून सरकते त्या गेटमध्ये अडकला तर पुढच्या प्रत्येक फोटोवर ओरखडा.

दुपारी वॉलेस क्रीकला गेलो होतो. डोंगरातून सरळ येणारा ओढा सॅन अँड्रियास भ्रंशापाशी एकदम काटकोनात वळतो, सुमारे 130 मीटर आडवा जातो आणि मग परत खाली उतरतो. ओढा जागच्या जागी होता, जमीन सरकली. सुमारे 3,700 वर्षांत एवढी. 1857 च्या फोर्ट टेहोन भूकंपात इथली जमीन एका दमात काही मीटर सरकली. मी जलविज्ञानाची विद्यार्थिनी आहे, ओढ्यांचे नकाशे रोज बघते, तरी त्या कोपऱ्यावर उभं राहून बाभळीएवढ्याही झाडाचा आडोसा नसताना ते वळण स्वतःच्या डोळ्यांनी बघणं काही और होतं. ओढ्याच्या काठावर बेबी ब्लू आईज फुलली होती.

सोडा लेकवर सूर्यास्त. या तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी येतं, वाळतं, क्षार राहतात. यंदा पाणी होतं, आणि पांढऱ्या कडेपर्यंत गोल्डफील्ड्स आल्या होत्या.

बुधवार

सकाळी तंबू गुंडाळून परत. रूममेटची गाडी एवढी धुळीने माखली होती की नंबर दिसत नव्हता.

पुढचा शनिवार : डार्करूम

कृष्णधवल रोल विद्यापीठाच्या डार्करूममध्ये धुतले. आयडी-11 डेव्हलपर, 20 अंश सेल्सिअस, साडेसात मिनिटं. रंगीत घरीच, मोरीत, 38 अंशांच्या पाण्यात. रंगीत निगेटिव्हच्या डेव्हलपरला सव्वातीन मिनिटं पुरतात, पण तापमान अर्ध्या अंशानेही हलू द्यायचं नाही.

प्रिमरोझची ओळ निगेटिव्हवर सलग आली आहे : मिटलेली, फाटलेली, पीळ सुटलेली, उघडी, आणि शेवटी सकाळची गुलाबी. पाठीमागचं आकाश एकेका चौकटीत गडद होत गेलंय. उन्हाकडे तोंड करून घेतलेली पॉपी छान, लांबून घेतलेल्या टेकड्या ठीक.

फॅसेलियाने मात्र वेगळंच केलं. डोळ्याला निळसर जांभळी दिसलेली फुलं फिल्मवर गुलाबीकडे झुकली आहेत. काही निळ्या फुलांच्या बाबतीत फोटोग्राफरना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यांच्या पाकळ्या दृश्य प्रकाशाच्या टोकाशी असलेला गडद लाल प्रकाश भरपूर परत फेकतात. आपल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही, फिल्मच्या लाल थराला दिसतो. अजेरॅटमच्या फुलांवरून या प्रकाराला नावही पडलं आहे. स्कॅन करताना मी तो रंग दुरुस्त केला नाही. फूल तो प्रकाश खरोखरच परत पाठवत होतं.

डेझर्ट कँडलचा कृष्णधवल प्रिंट आठ बाय दहा इंचांच्या कागदावर काढला. दांड्याचा मेणचट उजेड यावा म्हणून कागदाच्या कळ्यांकडच्या भागाला थोडा जास्त प्रकाश दिला, खालच्या भागाला हाताने झाकून कमी. चौथ्या कागदाला मनासारखा आला. तो रूममेटच्या आईसाठी नागपूरला जाईल. पुढच्या आठवड्यात विद्यापीठातला एक मित्र कॅरिझोला जातोय. त्याला एल्कहॉर्न रोडवरची जागा नकाशावर खूण करून दिली आहे, आणि कॅमेरा तिथे संध्याकाळी साडेपाचनंतरच बाहेर काढ असं सांगितलं आहे.